जप्तीतला बहर

गंगापूरच्या रस्त्याला तेव्हा वस्ती नव्हती. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना बागा लागत, आणि हिवाळ्यात सकाळी टांग्याने निघालं तर धुक्यात घोड्याचे कान तेवढे दिसत, बाकी घोडा असून नसल्यासारखा. त्या रस्त्यावर, नदीकडे उतरत गेलेल्या जमिनीवर, माझी पेरूची बाग होती. वडिलांनी लग्नात ती माझ्या नावावर रीतसर बक्षीसपत्राने करून दिली होती. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते नाशकाच्या जिल्हा कोर्टात वकील होते आणि मी त्यांची एकुलती एक. दागिने अंगावरून उतरतात, जमीन कुठे जात नाही, असं ते माझ्या सासरच्यांना म्हणाले होते.

बागेच्या मधोमध तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. लग्नानंतर मी आणि माझे यजमान तिथेच राहायला गेलो. यजमानांचं नाव मी तेव्हा घेत नसे, आता घ्यायला गेलं तर जीभच वळत नाही. ते शाळेत शिक्षक होते. सायकलवरून शहरात जात, आणि संध्याकाळी परतताना लांबून घंटी वाजवत येत. मला बागेतलं जे आठवतं ते सगळं मंद आहे. मोटेचं पाणी पाटातून एकेका आळ्यात भरत जायचं, आणि मी पाटाच्या कडेला बसून पाणी कुठवर आलं ते नुसत्या वासावरून ओळखायची. ओल्या मातीचा वास झाडामागून झाड असा पुढे सरकत जाई. पेरूचं खोड साप कात टाकतो तसं साल टाकतं आणि आतून गुळगुळीत, फिकट हिरवं निघतं. दुपारी त्या खोडाला गाल लावला की ते माणसापेक्षा थंड लागायचं.

मिठाचा सत्याग्रह झाला त्या साली यजमानांनी शाळा सोडली. पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, चळवळीतल्या मुलांना शिबिरासाठी जागा हवी आहे, शहरात कुणी द्यायला धजत नाही, आपलं घर द्यायचं का? मी हो म्हटलं. ओसरीच्या खोलीची किल्ली माझ्या कनवटीला होती, ती काढून दिली. मग घर माणसांनी भरलं. पहाटे प्रभातफेरीची गाणी, दिवसभर चरख्यांची घरघर. मी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होते, आणि बाहेर झाडं त्या सालच्या बहराने वाकली होती.

थंडी ऐन भरात असताना सरकारने वटहुकूम काढले. एका पहाटे रस्त्यावर मोटारीचे दिवे दिसले. धुकं इतकं होतं की पोलीस झाडांच्या ओळींतून चालत आले तेव्हा झाडंच चालत येताहेत असं मला वाटलं. कुणी ओरडलं नाही, धक्काबुक्की झाली नाही. यजमानांनी कोट चढवला आणि मला म्हणाले, अण्णांकडे जा. मुलांना आणि त्यांना मोटारीत बसवलं. चरखे, पुस्तकं, पातेली ओसरीवर मांडून त्यांची नोंद झाली. दारावर लाखेची मोहोर बसली आणि फाटकाशी एक कागद डकवला गेला. जागा बेकायदेशीर मंडळीच्या वापरात होती, सबब घर आणि बाग सरकारने ताब्यात घेतली आहे, असं त्यावर होतं. चुलीवर दूध तापत ठेवलं होतं. मोहोर बसायच्या आधी ते उतरवायला एका शिपायाने मला आत जाऊ दिलं. पातेलं हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा ते नोंदीत नाही म्हणून परत ठेवावं की कसं, यावर त्यांचं थोडं बोलणं झालं. शेवटी राहू दिलं.

माहेरी मी वेड्यासारखी वागत होते असं आई नंतर म्हणायची. मला तसं वाटत नव्हतं. रोज जेवणं झाली की मी शाल पांघरून चालत गंगापूरच्या रस्त्याला जाई आणि बागेच्या मेंदीच्या कुंपणापाशी उभी राही. आतून पिकल्या पेरूंचा वास येई. पोपट आरडत नसत, आता त्यांना हाकलणारं कुणी नव्हतं, ते निवांत खात. मधूनच एखादा पेरू गळून पाचोळ्यात पडल्याचा आवाज होई. पहिला दिवस सोडला तर आत जावं असंही मला वाटत नसे. माझंच स्वप्न मी बाहेरून बघते आहे, असं काहीतरी होतं ते.

फाटकावर एक पोलीस शिपाई बसवला होता. सटाण्याकडचा, मिशा पिकलेला. पहिल्या दिवशी मी विचारलं, परसातल्या तुळशीला पाणी घालून येऊ का? तो उठून उभा राहिला, इकडे तिकडे बघून म्हणाला, "हुकूम नही शे, माय." त्याला ते सांगताना बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी आले की तो नमस्कार करी आणि पाठ करून बसे, मला निवांत बघता यावं म्हणून. पेरू त्याच्या डोक्यावर लटकत होते, पण सरकारी माल म्हणून त्याने एकालाही हात लावला नाही. घरून आणलेली भाकरी तो मिरचीशी खाई.

कायद्यात एक फट होती आणि वडिलांनी ती शोधली. जप्त मालमत्तेवर कुणाचा हक्क असेल आणि त्याचा त्या मंडळीशी संबंध नसेल, तर त्याने मुदतीच्या आत जिल्हा न्यायाधीशांकडे दावा सांगायचा. वडील म्हणाले, शिबिर घरात होतं, बागेत नव्हतं. घराचा वापर जावयांनी केला. बाग मुलीची, आणि मुलीला या उलाढालीची कल्पना नव्हती. तीन मुद्द्यांवर दावा उभा राहतो.

मी म्हटलं, कल्पना होती की.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो प्रश्न मी तुला विचारणारच नाही," ते म्हणाले, "आणि सरकारी वकील आळशी आहे, तोही विचारणार नाही."

त्याच कोर्टात दुसराही एक दावा आला होता. जुन्या नाशकातले एक बागवान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फळांचा धंदा करणाऱ्यांपैकी, दरसाल आमचा बहर झाडावरच विकत घेत. पांढरी दाढी, डोक्याला हिरवट फेटा, आणि पेरू कानाशी धरून बोटाने टिचकी मारायची सवय. मी त्यांना चाचा म्हणत असे. त्या सालचा बहरही फुलावर असतानाच त्यांनी घेऊन ठेवला होता, शिबिराचं नावही नव्हतं तेव्हा. आता फळं पिकून गळत होती आणि चाचांना फाटकातून आत सोडत नव्हते. कोर्टाच्या आवारात वडाखाली ते मला भेटले. म्हणाले, "बेटी, झाडं तुझी, पेरू माझे. सरकारने दोन्ही एकाच कुलुपात घातले." मग वडिलांकडे वळून हलकेच विचारलं, माझ्या दाव्याने तुमच्या दाव्याला धक्का तर लागणार नाही ना? तसं असेल तर मी मागे घेतो. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसं काही नाही म्हणून सांगितलं.

न्यायाधीश मद्रासकडचे होते. मराठी त्यांना थोडं समजे पण बोलता येत नसे, म्हणून शेजारी दुभाषा उभा असे. मी पिंजऱ्यात उभी राहिले. खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात धुळीचे कण वरखाली होत होते. वडील उठले आणि मला म्हणाले, "आपलं नाव सांगा." जन्मात पहिल्यांदा ते मला अहो-जाहो करत होते. मला इतकं परकं वाटलं की क्षणभर नाव आठवेना. मग बक्षीसपत्र दाखवलं गेलं, बाग कुठे, चतुःसीमा काय, पाणी कोण देत असे, हे सगळं विचारून झालं. वडील म्हणाले होते तसंच झालं. त्यांनी तो प्रश्न टाळला, आणि सरकारी वकिलांनी दोन किरकोळ गोष्टी विचारून बसकण मारली.

मी उतरणार तेवढ्यात न्यायाधीशांनी हात वर केला. ते दुभाष्याशी बराच वेळ बोलले. आवाज मऊ होता. दुभाषा मला म्हणाला, साहेब विचारतात, आपल्याकडे नवरा सांगेल तसं बायकोला करावं लागतं. घर यजमानांनी परस्पर दिलं असेल आणि आपला काही इलाज चालला नसेल, असंच ना?

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना मला बाग परत द्यायची होती, हे मला दिसत होतं. मी फक्त मान हलवायची होती. पण मान हलवली तर मग बाग माझी कशी? ज्या घराच्या किल्लीवर माझा इलाज चालत नाही, ते माझं आहे म्हणून मी इथे काय सांगायला उभी राहिले होते? हा विचार मी तेव्हा असा शब्दांत केला नाही. मला उन्हातली धूळ दिसत होती, आणि पेरूचा वास आल्यासारखं वाटत होतं, कोर्टात पेरू कुठून येणार.

"नाही," मी म्हटलं. "बाग माझी. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. किल्ली मी दिली."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या तीन वाक्यांचं त्याने एकच केलं, हे मला कळलं. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि लिहिलं. वडील समोरच्या कागदांकडे बघत राहिले.

माझा दावा फेटाळला गेला. मला धरतील अशी आईला धास्ती होती, पण तसं काही झालं नाही. चाचांचा दावा मात्र मान्य झाला. फळं जप्तीच्या आधीच विकली गेली होती, सबब मालकाने आपल्या माणसांकरवी, पोलिसांच्या देखरेखीखाली, ती उतरवून न्यावीत, असा हुकूम निघाला.

वडील आणि मी टांग्यातून घरी निघालो. रविवार कारंजापाशी गर्दीने टांगा थांबला तेव्हा त्यांनी मला थंडी वाजते का विचारलं आणि आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "मी फेरतपासणी करायला उठणार होतो. पण तुला पुढे काय विचारावं ते मला सुचेना. बाकी बरोबरच बोललीस." टांगा निघाला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला तो फक्त मुंबईच्या हायकोर्टात केलेल्या अपिलाच्या संदर्भात.

दोन दिवसांनी चाचा घरी आले. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी वडिलांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. जाता जाता म्हणाले, उद्या सकाळी तोड सुरू करतोय. घरची बायकापोरं नेतोय, तरी हात कमी पडतील असं दिसतं. हुकुमात 'आपली माणसं' असं लिहिलंय, कोण ते लिहिलेलं नाही. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. वडिलांनी एक घोट चहा घेतला आणि म्हणाले, हुकुमाचा अर्थ आपण लावला तो बरोबर आहे.

मी आईचं जुनं विटकं लुगडं नेसले, डोक्यावर पदर ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चाचांच्या बैलगाडीत टोपल्यांमध्ये बसले. शेजारी त्यांची सून होती. तिने मला आपल्याजवळचा विडा दिला, बाकी काही विचारलं नाही. फाटकाशी गाडी थांबली. त्या शिपायाने हुकूम डोळ्यांजवळ नेऊन वाचला, मग एकेकीला आत सोडलं. माझ्यापाशी येऊन तो थबकला. रोज कुंपणाशी उभी राहणारी बाई त्याला ओळखू येणार नाही असं कसं होईल?

"हाई कोण शे?" त्याने चाचांना विचारलं.

"माझं माणूस," चाचा म्हणाले.

शिपायाने कागद घडी करून परत दिला. "जाय माय," तो मला म्हणाला, आणि फाटक धरून उभा राहिला.

त्या दिवसाचं मला नीट क्रमाने आठवत नाही. पाचोळा घोट्याएवढा साचला होता आणि त्यात कुजलेले पेरू पायाखाली येत. हवा दारूसारखी आंबट-गोड झाली होती. गांधीलमाशा सुस्त होऊन फळांवरच झोपल्या होत्या, हात लावला तरी उडत नव्हत्या. नदीवरचं धुकं बागेत शिरलं होतं. चाचांच्या घरच्या बायका झाडाआड दिसत, पुन्हा नाहीशा होत, आणि त्यांचं बोलणं तेवढं पुढे येई. मी माझ्या ओळखीची झाडं शोधत फिरले. एका झाडाचे पेरू आतून लाल निघत, ते विहिरीजवळ होतं. विहिरीत डोकावले तर काळ्या पाण्यावर पिवळे पेरू तरंगत होते, खूप, आणि वारा नसताना एका बाजूला जमून राहिले होते.

घराला मोहोर तशीच होती. मी खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. दोरीवर यजमानांचं धोतर वाळत होतं. ते जप्तीच्या पहाटे धुऊन टाकलेलं, अजून तिथेच. परातीत मळलेलं पीठ वाळून भेगाळलं होतं. घर कुणी सोडून गेल्यासारखं दिसत नव्हतं, आत्ता येतो म्हणून कुणी परसात गेल्यासारखं दिसत होतं. मी बराच वेळ तशीच उभी असणार, कारण चाचांच्या सुनेने येऊन माझ्या हातात टोपली दिली आणि म्हणाली, तोडायला आलीस ना, मग तोड. बरं केलं तिने.

मग मी दिवसभर तोडले. पेरू देठाशी पिरगाळून कसा काढायचा ते मला येत होतं, पण दिवसभर हात वर धरून ते काम मी कधी केलं नव्हतं. खांदे भरून आले. दुपारी सगळ्यांबरोबर झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि मला झोप लागली. जप्ती झाल्यापासून मी धड झोपले नव्हते. जागी झाले तेव्हा ऊन कलतं होतं, अंगावर कुणीतरी गोणपाट घातलं होतं आणि पानांतून पडलेले उन्हाचे ठिपके त्याच्यावर हलत होते. बाग कुणाची आहे हे मला त्या घटकेला आठवत नव्हतं. आठवून बघावंसंही वाटलं नाही.

निघताना चाचांनी शिपायाला चांगले पेरू निवडून दिले. आता हे माझे आहेत, सरकारचे नाहीत, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं. त्याने डोक्यावरची पगडी उतरवून ते तिच्यात घेतले, आणि गाडी वळेपर्यंत एक खाऊनही टाकला होता.

महिनाअखेरीस नाशिक रोडच्या तुरुंगात यजमानांची भेट मिळाली. मध्ये जाळी होती, शेजारी जेलर. ते वाळले होते आणि दाढी वाढली होती. कोर्टातली हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण ते चिडलेले होते. तुला आत टाकलं असतं तर, म्हणाले, अण्णांचं काय झालं असतं?

मी म्हटलं, जे झालं तेच सांगितलं. तुम्ही विचारलंत, मी हो म्हटलं.

त्यांनी जाळीला बोटं लावली. "मी तुला विचारलं होतं?" ते म्हणाले. "माझ्या आठवणीत मी तुला नुसतं सांगितलं होतं. शिबिर आपल्याकडे आहे म्हणून."

मला ओटा आठवत होता, संध्याकाळ आठवत होती, कनवटीतून किल्ली काढतानाचा तिचा गारवा आठवत होता. प्रश्न त्यांनी विचारला होता की मीच तो मनात ऐकला, हे मला त्या जाळीपाशी खात्रीने सांगता येईना. आजही येत नाही. मी त्यांना पेरूंच्या तोडीबद्दल सांगितलं, विहिरीतल्या पेरूंबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि वेळ संपली म्हणून जेलर पुढे आला तेव्हा म्हणाले, ते धोतर अजून दोरीवर आहे? मी हो म्हटलं. मग ते हसले.

बाग परत मिळाली ती कोर्टामुळे नाही. दोन-अडीच वर्षांत चळवळ मंदावली, यजमान सुटून आले, आणि एका सकाळी मामलेदार कचेरीतला कारकून वडिलांच्या घरी येऊन जागेवरचा हुकूम उठल्याचं सांगून गेला. वडिलांचं अपील अजून मुंबईत पडून होतं. त्यांनी त्यासाठी नवा मुद्दा तयार ठेवला होता, आणि तो ऐकवायच्या आधीच बाग आली याचं त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

आम्ही आत गेलो तेव्हा झाडं झाडांसारखी राहिली नव्हती. फांद्या एकमेकींत गुंतून जाळं झालं होतं, पाट बुजले होते, आणि सगळ्या आळ्यांत गळलेल्या पेरूंची रोपं दाट उगवली होती. चाचा येऊन हिंडून गेले. म्हणाले, खोडापासून छाटा, दोन वर्षं फळाचं नाव काढू नका, मग बघू. तसं केलं. छाटलेल्या फांद्यांचा धूर आठवडाभर नदीकडे उतरत होता.

छाटणी चालली असताना एका रविवारी वडील बाग बघायला आले. यजमानांनी त्यांना घरातली खुर्ची बाहेर आणून दिली. वडिलांनी अपिलातला तो मुद्दा आम्हाला सविस्तर सांगितला, मध्येच थांबले, आणि त्यांना डुलकी लागली. झाडांना सावली उरली नव्हती, ऊन सरळ तोंडावर येत होतं. मी त्यांचीच छत्री उघडून त्यांच्यावर धरली. कितीतरी वेळ धरली. छाटलेल्या खोडांवर तांबूस कोंब फुटायला लागले होते, ते मी तिथे उभी राहून बघत होते. वडील जागे झाले, छत्रीच्या काळ्या कापडाकडे बघून त्यांना आपण कुठे आहोत ते उमजेना.

"कोर्ट उठलं का?" त्यांनी विचारलं.

"उठलं," मी म्हटलं, आणि यजमान चहा टाकायला आत गेले.